मूळ लेखक गेल्यावर दुसऱ्याने लिहिलेल्या डिटेक्टिव्ह कथा वाचाव्यात का?

वाचा की, पण मूळ पुस्तकं आधी. अगाथा ख्रिस्तीबाई १९७६ मध्ये गेल्या आणि त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या 'कर्टन'मध्ये त्यांनी स्वतःच आपल्या डिटेक्टिव्हला, पॉयरोला, मारून टाकलं होतं, म्हणजे पुढं लिहायला जागाच नाही असं वाटतं, पण सोफी हॅनाने २०१४ पासून वारसांच्या परवानगीने नव्या कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यासाठी काळ मागे नेला, १९२९ च्या आसपास. मला तिची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिने बऱ्याच मूळ गोष्टी सांगणाऱ्या पॉयरोच्या मित्राचा, हेस्टिंग्जचा, आवाज उसना घेतला नाही, कॅचपूल नावाचा स्कॉटलंड यार्डचा नवीन माणूस आणला आणि गोष्ट त्याच्या तोंडून सांगितली, त्यामुळे भाषा वेगळी वाटली तरी खटकत नाही. प्लॉट मात्र जरा जास्तच गुंतागुंतीचे आहेत, ख्रिस्तीबाईंचा उलगडा कसा एका वाक्यात लख्ख कळायचा, ते इथे होत नाही.

शेरलॉक होम्सचं म्हणाल तर अँथनी होरोवित्झचं 'द हाऊस ऑफ सिल्क' (२०११) नक्की घ्या, गोष्ट सांगणाऱ्या वॉटसनचा सूर त्याला फार छान पकडता आलाय.

आणि डोरोथी सेयर्सचा डिटेक्टिव्ह लॉर्ड पीटर विम्झी आवडत असेल तर तिथली केस वेगळी आहे, सेयर्सने अर्धवट सोडलेलं हस्तलिखित जिल पॅटन वॉल्शने पूर्ण केलं आणि ते १९९८ मध्ये आलं. निदान पाया तरी मूळ लेखिकेचा आहे, म्हणून माझा तरी त्यावर जास्त विश्वास बसतो.