डोक्याला मार लागल्यावर स्कॅन पाहून किती सांगता येतं?

डोक्याच्या गंभीर दुखापतीबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आहे: स्कॅन पाहून सांगा, आमचा माणूस बरा होईल का? त्यांतली पाच पत्रं आज घेतली आहेत. काहींनी रिपोर्टचे फोटोही पाठवले आहेत. पेशंटला न तपासता केवळ चित्रावरून मी भाकीत करणार नाही. त्याचं कारण उत्तरांतून कळेल.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून पडला. सहा दिवस बेशुद्ध आहे. सीटी स्कॅनमध्ये 'विशेष काही नाही' म्हणतात. मग तो डोळे का उघडत नाही?

सीटी हा पहिल्या तासाचा स्कॅन आहे. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्यांदा एका पेशंटच्या मेंदूचा सीटी काढला गेला. आज डोक्याला मार लागलेला पेशंट आला की सीटीला आपण तीन गोष्टी विचारतो: रक्ताची गाठ आहे का, मेंदू एका बाजूला सरकलाय का, लगेच ऑपरेशन हवंय का. तुमच्या भावाच्या बाबतीत त्याचं उत्तर 'ऑपरेशन करण्यासारखं काही नाही' एवढंच आहे. मेंदूला इजा नाही, असं तो म्हणत नाही.

वेगात असलेलं डोकं एकदम थांबलं किंवा गर्रकन फिरलं की मेंदूचे थर कमीजास्त वेगानं सरकतात आणि त्यांना जोडणारे लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. याला डिफ्यूज अ‍ॅक्सोनल इंज्युरी म्हणतात. वॉर्डात तुम्ही 'डीएआय' असं ऐकाल. हे तंतू सीटीला दिसत नाहीत. एमआरआयमधल्या एसडब्ल्यूआय या तपासणीत मात्र फुटलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं रक्त काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसतं. ठिपके किती, यापेक्षा ते कुठे आहेत याला जास्त महत्त्व. मेंदूच्या बाहेरच्या कडेला असतील तर गांभीर्याची पहिली पायरी. दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलात, म्हणजे कॉर्पस कलोझममध्ये असतील तर दुसरी. आणि ब्रेनस्टेममध्ये, जिथून जागेपणाचा कारभार चालतो तिथे असतील तर तिसरी. तिसऱ्या पायरीचे पेशंट जागे व्हायला सहसा जास्त वेळ घेतात, पण त्यांतलेही काही जागे होतात, बोलतात. ठिपके मोजत बसू नका. दिसतं ते रक्त, आणि त्याच्या शेजारचा तंतू तुटलाय की फक्त दुखावलाय, हे तो ठिपका सांगत नाही.

डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी जरूर विचारा: झोपेची औषधं अजून चालू आहेत का, आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला आहे का. औषधांचा अंमल आणि बाहेरून न दिसणाऱ्या फिट्स, दोन्हींमुळे माणूस बेशुद्ध राहू शकतो, आणि दोन्हींवर उपाय आहे.

प्रश्न : यजमानांच्या बाबतीत 'वाईट परिणामाची शक्यता सत्तर टक्के' असं सांगितलं. हा आकडा येतो कुठून?

बहुधा 'इम्पॅक्ट' किंवा 'क्रॅश' नावाच्या गणितातून. दोन्ही २००८ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यांच्यामागे हजारो पेशंटची माहिती आहे. पेशंटचं वय, हातापायांचा प्रतिसाद, उजेड टाकल्यावर बाहुल्या आकसतात का, आणि सीटीतल्या काही खुणा त्यात भरतात. मेंदूच्या तळाशी द्रवाच्या जागा असतात, त्या सुजेमुळे दाबल्या गेल्या असतील तर ती वाईट खूण. मधली रेषा पाच मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल तर तीही. उलट कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामधली गाठ, म्हणजे एपिड्यूरल, वेळेवर काढली तर बऱ्याचदा परिणाम चांगला येतो, कारण खालचा मेंदू फारसा जखमी नसतो.

आता आकड्याचा अर्थ. यजमानांसारख्या शंभर पेशंटपैकी सुमारे सत्तर जणांचा परिणाम वाईट झाला, एवढंच तो सांगतो. यजमान त्या सत्तरांत आहेत की तिसांत, हे त्याला माहीत नाही. शिवाय सहा महिन्यांनंतरच्या 'वाईट' या एकाच शब्दात मृत्यूही येतो, आणि शुद्धीवर असलेला, घरच्यांना ओळखणारा, पण रोजच्या कामांत मदत लागणारा माणूसही येतो. तुमच्या दृष्टीनं या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो आकड्यात दिसत नाही. म्हणून विचारा, 'त्यांतले जिवंत किती? शुद्धीवर किती?' हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, रक्त पातळ करण्याची गोळी चालू. तीन आठवड्यांपूर्वी पडले, स्कॅन नॉर्मल होता. आता सारखे झोपतात, चालताना एका बाजूला झुकतात.

हे वाचून झाल्याबरोबर त्यांना दवाखान्यात न्या आणि सीटी पुन्हा काढून घ्या. उतारवयात मेंदूभोवती रक्त हळूहळू साचतं आणि आठवड्यांनी त्रास देतं. जुना नॉर्मल स्कॅन इथे निरुपयोगी आहे. ही गाठ सहसा छोट्या ऑपरेशननं काढता येते.

प्रश्न : चौथा दिवस आहे. स्कॅन फार वाईट आहे, व्हेंटिलेटर चालू ठेवायचा की नाही ते ठरवा, असं सांगितलं. मी माझ्या मुलीबद्दल काय ठरवू?

ताई, तुमचं पत्र मी बऱ्याचदा वाचलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: डॉक्टर 'ब्रेन डेथ' म्हणताहेत का? तसं असेल तर तो मृत्यूच आहे. ते स्कॅनच्या चित्रावरून नव्हे, तर ठरलेल्या काटेकोर तपासण्यांनी ठरवतात, आणि मग पुढचं माझं उत्तर लागू होत नाही.

तसं नसेल, तर चौथ्या दिवशी इतक्या खात्रीनं बोलण्याइतकी माहिती बहुतेक पेशंटच्या बाबतीत कोणाकडेच नसते. अमेरिकेतल्या मेंदुतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ साली स्पष्ट सांगितलं की दीर्घकाळ शुद्ध हरपलेल्यांच्या बाबतीत पहिल्या २८ दिवसांत 'सुधारणा होणारच नाही' असं बोलू नये. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच एका मोठ्या पाहणीत, दोन आठवड्यांनीही ज्यांच्यात जाणिवेची कसलीच खूण नव्हती, अशांपैकी वर्षभरात हयात राहिलेले सुमारे तीन चतुर्थांश शुद्धीवर आले. त्यांतल्या अनेकांना मोठं अपंगत्व राहिलं, हेही मी लपवणार नाही.

घाईच्या भाकितात एक चक्र आहे, त्याची मला मनापासून काळजी वाटते. २०११ साली कॅनडातल्या सहा मोठ्या ट्रॉमा सेंटर्सची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथे गंभीर दुखापतीनंतर झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ७० टक्के उपचार काढून घेतल्यानंतरचे होते, आणि त्यांतले निम्मे पहिल्या तीन दिवसांतले. स्कॅन वाईट म्हणून आधार काढायचा, पेशंट दगावला की 'असा स्कॅन असलेले जगत नाहीत' ही नोंद पक्की करायची, आणि पुढच्या पेशंटला तीच नोंद दाखवायची. भाकीत खरं होतं की खोटं, हे अशानं कळणार कधी?

म्हणून वेळ मागा. डॉक्टरांशी भांडून नव्हे. 'ठरावीक दिवस पूर्ण उपचार करून पुन्हा बसून बोलू' असं ठरवून घ्या. सूज उतरल्यावर एमआरआय शक्य आहे का ते विचारा. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या, त्यात कोणाचाही अपमान नाही. आणि मुलीनं कसं जगणं स्वीकारलं असतं, ते तिला जवळून ओळखणाऱ्यांशी बोला. ते कुठल्याच स्कॅनला माहीत नाही. वेळ देऊनही आशा उरली नाही आणि तुम्ही थांबायचं ठरवलंत, तर तो निर्णयही प्रेमानंच घेतलेला असेल.

प्रश्न : बायको चार महिने डोळे उघडे ठेवून असते, पण काहीच प्रतिसाद देत नाही. तिला ऐकू येतं का, हे स्कॅनमध्ये दिसेल का? आणि सुधारणा पाहायला दर महिन्याला एमआरआय करावा का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'कधीकधी' असं आहे. २००६ साली मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अशाच अवस्थेतल्या एका तरुणीला फंक्शनल एमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, ठेवून सांगितलं, 'टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर.' तिच्या मेंदूचा हालचाली आखणारा भाग निरोगी माणसासारखाच उजळला. २०२४ साली अनेक केंद्रांच्या अभ्यासात, सांगितल्यावर शरीरानं काहीच न करणाऱ्या २४१ पेशंटपैकी ६० जणांच्या मेंदूनं असा प्रतिसाद दिला, म्हणजे चारातल्या एकानं. मात्र निकाल नकारार्थी आला तर जाणीव नाहीच, असं धरायचं नाही. त्या वेळी ती झोपेत असू शकते, थकलेली असू शकते. ही तपासणी मोजक्या संशोधन केंद्रांतच होते. नाही मिळाली तरी तिच्याशी बोलताना ती ऐकतेय असंच धरून बोला.

दर महिन्याच्या एमआरआयची गरज नाही. नवं काही बिघडलं तरच करा. त्याऐवजी तिच्यासमोर आरसा धरा, सावकाश डावी-उजवीकडे हलवा आणि नजर मागे येते का ते पाहा. जाणीव परतताना बऱ्याचदा हीच खूण सर्वांत आधी दिसते. दिवसातून दोनतीनदा, ती ताजीतवानी असताना करा. तारीख-वेळ घालून वहीत लिहा, जमलं तर व्हिडिओ घ्या आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.