सुटे भाग आणि सांधे

प्रश्न : ठाण्यात वागळे इस्टेटला माझे जॉबवर्कचे छोटे वर्कशॉप आहे. मुलगा अकरावी सायन्सला असून वर्षभर संगणकावर एक गेम बनवतो आहे. चाके, दांडे, स्प्रिंग, मोटर असे सुटे भाग जोडून खेळणाऱ्याने त्यात यंत्र उभे करायचे. भाग ४० च्या वर गेले, पण मोठे यंत्र चालू केले की थरथरते आणि फुटून उधळते. बारावीनंतर वर्षभर गॅप घेऊन गेम पूर्ण करून विकेन, असे तो म्हणतो. नातेवाईक म्हणतात, गेमिंगवर तर बंदी आली. आम्ही काय करावे?

उत्तर : बंदीची भीती आपण मनातून काढून टाकावी. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने मनाई झाली ती पैसे लावून खेळायच्या खेळांना. एकदा विकत घेऊन घरी खेळायचा यंत्रजोडणीचा खेळ त्यात मोडत नाही.

आपल्या पत्रात मला सर्वांत मोलाची वाटली ती यंत्र थरथरण्याची तक्रार, कारण अशा खेळाचे खरे काम भागांत नसून सांध्यांत असते. संगणक प्रत्येक भाग स्वतंत्र घन वस्तू मानतो आणि भागांमधला सांधा जागेवर राहावा म्हणून सेकंदाला ५०-६० वेळा हिशेब करतो. हा हिशेब तो अचूक सोडवत नाही, थोडी थोडी दुरुस्ती करत उत्तराच्या जवळ जातो. साखळी लांबली, किंवा हलक्या भागाला फार जड भाग लटकला, की दुरुस्ती अपुरी पडते, राहिलेली चूक पुढच्या हिशेबात जाते आणि यंत्र डोलू लागते. आणखी दहा भाग घालून हा दोष जाणार नाही, वाढेल. सुट्या भागांतून अग्निबाण उभारायच्या ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या गाजलेल्या खेळातही लांब अग्निबाण असेच डोलत आणि खेळणारे त्यांना आधाराच्या पट्ट्या बांधत.

त्या खेळाची पहिली सार्वजनिक आवृत्ती २०११ मध्ये आली आणि पूर्ण आवृत्ती २०१५ मध्ये. तो करणारी मेक्सिको सिटीतील स्क्वॉड ही मुळात मार्केटिंगची कामे घेणारी कंपनी होती, म्हणजे घर दुसऱ्या धंद्यावर चालत होते. वेढ्याची यंत्रे जोडायचा ‘बिसीज’ २०१५ मध्ये अपूर्ण अवस्थेत विक्रीला आला आणि पूर्ण व्हायला २०२० उजाडले. पुण्याच्या स्टुडिओचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये जगभर विक्रीला गेला, तेव्हा हे आपल्याकडे होत नाही असे मी म्हणणार नाही. पण त्यामागे अनेकांचा चमू होता. जाणत्यांना चार-पाच वर्षे लागलेले काम बारावी झालेला मुलगा एकट्याने वर्षात उरकेल, हे गणित मला पटत नाही. शिवाय संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात खेळ मांडायला प्रत्येक खेळामागे १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतले साधारण ३० टक्के स्टीमच ठेवते.

म्हणून गॅप नको. पण गेम बंद करा असेही मी सांगणार नाही. भाग ४० वरून सहावर आणावेत, एकच बिजागरी आणि एकच स्प्रिंग नीट बसवावी आणि मे महिन्याच्या सुट्टीत एवढाच खेळ इच डॉट आयओ या छोट्या खेळांच्या संकेतस्थळावर फुकट ठेवावा. नंतर सोसायटीतील पाच-सहा मुलांना तो खेळायला देऊन आपल्या चिरंजीवांनी मागे गप्प उभे राहावे. समजावून सांगण्याचा मोह आवरणे हेच त्यात अवघड आहे.

या कामात आपले वर्कशॉप कोणत्याही क्लासपेक्षा उपयोगी पडेल. बेअरिंग किती घट्ट बसवायचे, कुठे थोडा प्ले म्हणजे हलायला जागा ठेवायची, नट सैल होऊ नये म्हणून काय करायचे, हे आपल्या फिटरजवळ बसून त्याने पाहावे. त्याच्या खेळातील सांधे बहुधा एक तर वेल्डिंग केल्यासारखे ताठ असतील किंवा पूर्ण ढिले, आणि मधली जागा कशी असते ते हाताने पाहिल्याशिवाय कळत नाही.

अभ्यासाचे म्हणाल, तर राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राचे पहिलेच प्रकरण रोटेशनल डायनॅमिक्सचे, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंच्या गतीचे आहे. त्याचा खेळ त्यावरच फिरतो. गणितातील व्हेक्टर आणि मॅट्रिक्सही रोज लागतील. पुढे सीईटीद्वारे कॉम्प्युटर किंवा मेकॅनिकल इंजिनीअरिंग घेता येईल. ओढा रचनेकडे असेल तर पवईला आयआयटी मुंबईत डिझाइनची पदवी आहे, तिची प्रवेश परीक्षा यूसीड. पदवीनंतर एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूरु केंद्रात डिजिटल गेम डिझाइन शिकता येते. काही लाख फी सांगणाऱ्या खासगी गेमिंग डिप्लोमाला मात्र, तिथल्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केलेले दोन-तीन खेळ स्वतः खेळून पाहिल्याखेरीज पैसे भरू नयेत. खेळ बनवायचे गोडो आणि त्रिमितीय आकार घडवायचे ब्लेंडर ही साधने फुकट मिळतात.

गॅपचा विषय त्याने पुन्हा काढलाच, तर मे महिन्यातील खेळ किती मुलांनी शेवटपर्यंत खेळला आणि कुठल्या सांध्यापाशी सोडला, याची वही आधी मागावी.