वडिलांशी बोलणं ‘बरं शे’च्या पुढे कसं न्यावं?

भाऊ, तू लिहिलंयस की पुण्याहून धुळ्याला फोन लावला की वडिलांशी बोलणं ‘जेवलास का, पाऊस झाला का’ इथेच संपतं आणि मनातलं राहून जातं. माझंही कितीतरी वर्षं असंच चाललं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भाषा बघ. वडील अहिराणीत बोलतात आणि तू पुण्याच्या मराठीत उत्तर देतोस ना? मीही तेच करायचो. ज्या दिवशी "आप्पा, कसं चालू शे?" म्हणालो, त्या दिवशी त्यांचा आवाजच बदलला.

आणि समोर बसवून "मनातलं सांगा" म्हटलं की आपल्याकडचा माणूस गप्प होतो. हात कामात असले की बोलतो. गेल्या हिवाळ्यात मळ्यात भरताचा बेत होता. आप्पा कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी फिरवत होते. कापसाचा भाव विचारला, तर "बरं शे" म्हणून मोकळे झाले. मग वांग्याची करपलेली साल काढता काढता विचारलं, लहानपणी थंडीत काय खायचे? "मिलोनी भाकर," एवढंच म्हणाले. मिलो म्हणजे दुष्काळात परदेशातून आलेली लाल ज्वारी. एरवी मी "हो, 1972 चा दुष्काळ ना" म्हणून विषय संपवला असता. त्या दिवशी नुसतं "मंग?" म्हणालो आणि थांबलो. बराच वेळ जाळाचाच आवाज. मग चौदाव्या वर्षी दुष्काळी कामावर फोडलेली खडी निघाली, तिथे मिळणारी सुकडी आजी पदरात बांधून धाकट्या आत्यासाठी घरी न्यायची, ते निघालं. अशी एक आत्या होती, हेच मला ठाऊक नव्हतं.

पहिला प्रश्न कुठलाही चालतो. दुसरा मात्र त्यांच्या शेवटच्या शब्दातून यायला हवा. 2017 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनाही हेच दिसलं: समोरच्याच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडतात. आपण काय करतो? "पाठ दुखते" ऐकलं की लगेच "डॉक्टरला दाखवा". सल्ला खरा, पण बोलणं खुंटतं. "कधीपासून? कापूस वेचताना जास्त दुखते का?" हे आधी विचार, डॉक्टर नंतर.

आमच्या मोठ्या काकांपुढे मात्र यातलं काहीच चाललं नाही. संध्याकाळी त्यांच्याजवळ ओट्यावर नुसता बसतो. परवा उठायला लागलो, तर म्हणाले, "बठ ना."