पहाटे सहाला बॅडमिंटन खेळताना हात जड का वाटतो? संध्याकाळी तोच फटका सहज बसतो.

आळस हे कारण असेलही थोडं, पण मुख्य भानगड शरीराच्या तापमानाची आहे. ते दिवसभर 37 अंशांवर टिकून नसतं. पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली जातं, संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान शिखरावर असतं. फरक अर्धा ते एक अंशाचाच, पण स्नायूंना तो जाणवतो. गार स्नायू हळू आकुंचन पावतो, सांधे आखडलेले असतात आणि मज्जातंतूंमधून संदेशही सावकाश जातो. हात गार असेल तर हा वेग दर अंशामागे सेकंदाला साधारण 2 मीटरने घटतो. म्हणून तर मज्जातंतूंची तपासणी करण्याआधी गार हात शेकून घेतात!

हा चढउतार नुसत्या हालचालीमुळे होत नाही, मेंदूतलं घड्याळ तो चालवतं. 1938 मध्ये झोपेचे संशोधक नॅथॅनियल क्लाइटमन आणि त्यांचे सहकारी रिचर्डसन अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत 32 दिवस राहिले आणि 28 तासांचा 'दिवस' पाळून पाहिला. तरुण रिचर्डसनचं शरीर जुळवून घेऊ शकलं. क्लाइटमन यांचं तापमान मात्र 24 तासांचाच हेका धरून बसलं.

तुम्ही सकाळी वॉर्म-अप दुप्पट करा, फरक बराच कमी होईल. पूर्ण जाणार नाही. आणि उठल्या उठल्या कोर्टवर जाऊ नका, झोपेची गुंगी उतरायलाच अर्धा तास लागतो.