फ्री किक मारायला आधी मैदानावर असावं लागतं

प्रिय गड्या,

मेसेज वाचला. दोन क्लबांकडून बोलावणं आलंय, कुठे जायचं ते शेवटी बघू. प्रॅक्टिस संपल्यावर रोज तासभर नुसत्या फ्री किक मारतोस आणि ब्राझीलच्या फुटबॉलपटू जुनिन्यो पेर्नांबुकानोसारखं स्पेशालिस्ट म्हणून नाव काढायचंय म्हणतोस. माणूस झकास निवडलास. फक्त तू त्याच्या क्लिपा पाहिल्यास, कारकीर्द पाहिली नाहीस.

फ्रान्सच्या लिऑन क्लबकडून तो 2001 ते 2009 खेळला. 344 सामने, 100 गोल, त्यातले 44 फ्री किकवर. भल्याभल्यांना न जमलेला आकडा आहे हा. तरी जरा भागाकार कर: साधारण आठ सामन्यांत एक. मग मधल्या सात सामन्यांत कोच त्याला कशासाठी उतरवत होते? मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मध्यावरचा खेळाडू म्हणून! बॉल मागून पुढे न्यायचा, खेळ कधी संथ ठेवायचा नि कधी पळवायचा ते ठरवायचं, कॉर्नर नेमका आपल्या माणसाच्या डोक्यावर टाकायचा. 2006 च्या वर्ल्ड कपमध्ये जपानविरुद्ध त्याने केलेला गोलसुद्धा फ्री किकचा नव्हता. चालू खेळात लांबून हाणलेला फटका होता तो. तुझ्या मेसेजमध्ये पासिंगबद्दल एक ओळ नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

आता किकबद्दल, कारण ते सांगितल्याशिवाय तू पुढचं वाचणार नाहीस. बॉल फिरला नाही की त्याच्या शिवणींपाशी हवा कधी या बाजूला, कधी त्या बाजूला सुटते आणि बॉल हवेतच डुगडुगतो. यालाच नकल बॉल म्हणतात. त्यासाठी पायाचा घोटा घट्ट हवा, बॉलच्या बरोबर मध्यावर पायाचं कडक हाड बसायला हवं आणि फटक्यानंतर पाय लगेच आवरायला हवा. पाय गुंडाळत पुढे नेलास की बॉलला फिरकी बसलीच. आणि बॉलला हेलकावे खायला अंतर लागतं. पंचवीस-तीस मीटरवरून मार. अठरा मीटरवरून नकल बॉल मारायचा हट्ट म्हणजे वॉलमधल्या, किक अडवायला ओळीने उभ्या असलेल्या पोरांच्या पोटात बॉल घालणं. तिथे सरळ पायाच्या आतल्या बाजूने वळवून वॉलवरून काढ. इटलीच्या पिर्लोनेही जुनिन्योच्या किकचा कसून अभ्यास केला होता. तो काही कमी खेळाडू नव्हता.

फेब्रुवारी 2009 मधला बार्सिलोनाविरुद्धचा गोल मात्र पुन्हा पाहा, आणि यावेळी बॉलकडे बघू नकोस. फ्री किक डावीकडे, पार कडेला. तिथून क्रॉस येणार अशीच सगळ्यांची समजूत. लिऑनची पोरं गोलकडे धाव घेतात, कुणाचं तरी डोकं लागेल म्हणून बार्सिलोनाचा गोलकीपर वाल्देस क्षणभर अडकतो आणि बॉल त्याच्या डोक्यावरून थेट जाळ्यात. त्या गोलात धावणाऱ्यांचाही वाटा आहे. तू किक घेताना तुझ्या संघातली पोरं काय करत असतात? नुसती बघत उभी असतील तर आधी त्यांना कामाला लाव.

रोजचा तास बंद. वाढत्या वयात त्याच पायाने तोच फटका शंभरदा मारलास की जांघ धरते, मग महिना-दोन महिने घरी. आठवड्यातून दोनदा, अंग गरम असताना, पंधरा-वीस किक. प्रत्येक किकआधी कुठे मारणार ते तोंडाने सांगायचं. जांघेत आत्ताच दुखत असेल तर तेही बंद आणि फिजिओला दाखव.

राहिला क्लबचा प्रश्न. जुनिन्यो ब्राझीलमधल्या रेसिफे शहराचा, तिथल्या स्पोर्ट नावाच्या क्लबकडून सुरुवात करून 1995 मध्ये रिओच्या वास्को द गामा क्लबात गेला. 1998 च्या कोपा लिबर्टाडोरेसच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेच्या सेमीफायनलला अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट क्लबच्या मैदानावर त्याने मारलेल्या फ्री किकवर वास्कोचे लोक आजही गाणं म्हणतात. तिथून तो लिऑनला गेला, तेव्हा त्या क्लबने फ्रेंच लीग एकदाही जिंकली नव्हती. तो आल्यावर सलग सात जिंकल्या. ते काही त्याच्या एकट्याचं श्रेय नव्हे. पण नाव मोठं असलेल्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा त्याला जिथे दर आठवड्याला खेळायला मिळालं, तिथेच तो मोठा झाला. 2011 मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, तो किमान वेतनावर वास्कोत परतला आणि पहिल्याच सामन्यात ब्राझीलच्याच कोरिंथियन्स क्लबविरुद्ध फ्री किकवर गोल केला. तो सामना वास्को हरला, हे क्लिपमध्ये नसतं.

तुला ज्या दोन क्लबांकडून बोलावणं आलंय, त्या दोघांनाही विचार: माझ्या जागेवर सध्या कोण कोण आहे, आणि गेल्या मोसमात तुम्ही वीस वर्षांखालच्या किती पोरांना सुरुवातीपासून खेळवलंत? जर्सी नि बुटांचं नंतर बघू. उत्तरं आली की सही करायच्या आधी मला फोन कर.

तुझा,
कोच