जाती, प्रजाती की उपजाती? एका पांढऱ्या फुलपाखराच्या निमित्ताने

प्रश्न सोलापूरहून आला आहे. कॉलेजच्या निसर्ग मंडळाला प्रदर्शनासाठी फलक करायचे आहेत. सिद्धेश्वर वनविहारात टिपलेलं पांढरं फुलपाखरू ‘पायोनियर’ आहे, इथवर एकमत झालं. पण त्याच्या शास्त्रीय नावात तीन शब्द निघाले आणि तिसऱ्या शब्दाला मराठीत काय म्हणायचं यावर गाडी अडली. एकाने ‘प्रजाती’ लिहिलं, दुसऱ्याने ‘उपप्रजाती’, सरांनी ‘पोटजात’ सुचवली.

माझं मत विचाराल तर वंश (जीनस), जाती (स्पीशीज), उपजाती (सबस्पीशीज) हे तीनच शब्द घ्या आणि ‘प्रजाती’ला फलकावर पाऊल ठेवू देऊ नका.

शब्द वाईट नाही, पण तो दोन्हीकडून वापरून झिजला आहे. वनस्पतींवरच्या जुन्या मराठी लेखनात, विश्वकोशातसुद्धा, ‘या प्रजातीत इतक्या जाती आहेत’ अशी वाक्यं जागोजागी भेटतात. म्हणजे प्रजाती मोठी आणि जाती तिच्या पोटात. हिंदीत मोठ्या गटाला वंश म्हणतात आणि प्रजाति त्याच्या पोटात जाते. आपली वर्तमानपत्रं कधीच हिंदीच्या वाटेने गेली. ‘माळढोकची प्रजाती धोक्यात’ हे वाक्य तर नान्नजच्या माळढोक अभयारण्यामुळे सोलापूरकरांना पाठच असेल. आता एकच शब्द दोन पायऱ्यांवर उभा राहिला, तर वाचणाऱ्याने कोणती पायरी धरायची? ‘प्र’ या उपसर्गाकडे दाद मागावी, तर तोही कुंपणावर बसलेला. प्रपितामह एक पिढी वर जातो आणि प्रपौत्र एक पिढी खाली. प्रशाखा तर शाखेहून लहान.

‘जाती’ टाळण्यामागे संकोच असतो, हे मला दिसतं. जात म्हटलं की दाखला आठवतो. शिवाय ‘ही एक जाती’ हे कानाला अनेकवचन वाटतं. पण ‘एक कृती, चार कृती’ आपण बिनदिक्कत म्हणतो, तसंच हे. ‘पोटजात’ मात्र नकोच. पोटकलम, पोटभाडेकरू ठीक आहेत, पण पोटजात हा शब्द माणसांच्या समाजाला इतका चिकटला आहे की फुलपाखराच्या फोटोखाली तो वाचून लोक भलताच विचार करतील. कुणी ‘वाण’ सुचवेल, तर तेही नाही. मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ज्वारी हे वाण, कारण ती माणसाने निवडून पुढे आणली. उपजाती निसर्गात, आपापल्या मुलखात घडते.

आणि खरी मेख या मुलखातच आहे. पायोनियरचं नाव बेलेनॉइस ऑरोटा. बेलेनॉइस हा वंश, ऑरोटा ही जाती. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियसने १७९३ मध्ये तिचं वर्णन केलं. आपल्याकडची उपजाती ऑरोटाच, श्रीलंकेतली टॅप्रोबाना, रंगाने जास्त काळपट. म्हणून सोलापुरात एखादं गडद पायोनियर दिसलं की ‘वेगळी उपजाती’ म्हणून उडी मारू नका. पावसाळी पिढीत काळे पट्टे रुंद होतात, मादी तर नराहून बरीच काळवंडलेली असते. त्या पावसाळी-उन्हाळी फरकाला ‘ऋतुरूप’ म्हणावं, मादीच्या वेगळेपणाला ‘लिंगभेद’. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमावली उपजातीपाशी थांबते. त्याखालच्या रूपांना ती नाव देत नाही.

मुळात ते पायोनियरच आहे ना, हे फोटोत पुन्हा एकदा पाहून घ्या, कारण कॉमन गल हे फुलपाखरू त्याच्याशी हमखास गल्लत करायला लावतं. पुढच्या पंखाच्या मधल्या कप्प्याच्या टोकाशी ठसठशीत काळी, किंचित वाकडी रेघ असेल आणि ती वरच्या कडेला जाऊन भिडत असेल, तर पायोनियर. गलला ती रेघ नसते. जवळपास वाघाटीचा वेल असेल तर संशय आणखी कमी होतो. आषाढी द्वादशीला जिच्या फळांची भाजी करून उपास सोडतात तीच ही वाघाटी, आणि पायोनियरच्या अळ्या तिच्याच कुळातल्या झाडांची पानं खातात. (गलच्या अळ्याही त्याच कुळावर जगतात, तेव्हा नुसत्या वेलावर विसंबू नका.)

सगळ्याच फुलपाखरांना उपजाती असतात असंही नाही. पायोनियरच्याच कुळातलं हळदी-कुंकू हे फुलपाखरू उपजातींत विभागलेलं नाही. तिथे दोन शब्द लिहून थांबायचं.

तर फलकावर असं लिहा: ‘पायोनियर. वंश बेलेनॉइस, जाती ऑरोटा, उपजाती ऑरोटा.’ शास्त्रीय नाव पूर्ण लिहिताना ऑरोटा दोनदा येईल. ज्या उपजातीवरून जातीचं नाव पडलं तिचं नाव असं दुहेरीच असतं. छापणाऱ्याला हे आधी बजावून ठेवा, नाहीतर छपाईची चूक समजून तो एक ऑरोटा उडवेल.

जागा उरलीच तर ‘फुलपाखरू’ शब्दाशेजारी कानडीतलं ‘पातरगित्ती’ आणि तेलुगूतलं ‘सीताकोकचिलुका’ही टाका. सोलापुरात हे दोन्ही शब्द घरात बोलणारी मुलं प्रदर्शनाला येणारच.