वाचकांचे प्रश्न : कलाशाळेची पायरी न चढलेला चित्रकार

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी आइंडहोवनच्या एका वाचकांचे पत्र आम्ही चित्रकथांची आवड असलेल्या काही मंडळींना दाखवले आणि त्यातून आणखी प्रश्न निघाले. सगळे एकाच चित्रकाराभोवती फिरत असल्यामुळे या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही चार वर्षांपासून नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो. इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मला आडव्या आकाराची, पिवळी पडलेली एक पुस्तिका मिळाली. वर चित्रे, खाली बारीक टाइपात भरपूर मजकूर आणि संवादाचा फुगा औषधालाही नाही, अशी तिची रचना आहे. मुखपृष्ठावर ‘एरिक द नोरमान’ असे नाव आहे. विकणारे आजोबा म्हणाले, की हा चित्रकार चित्रकला कुठेही शिकला नव्हता. चित्रे पाहता विश्वास बसत नाही. हा चित्रकार कोण?
— एक वाचक, आइंडहोवन

उत्तर : आजोबांनी सांगितले ते खरे आहे. आपल्या हाती लागलेली पुस्तिका हान्स क्रेसे यांची आहे. त्यांचा जन्म १९२१ साली आम्स्टरडॅममध्ये झाला आणि १९९२ साली त्यांचे निधन झाले. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. तरीही विसाव्या शतकातील डच वास्तवदर्शी चित्रकथेचा विचार करताना पहिले नाव त्यांचेच घ्यावे लागते.

‘एरिक’ ही मालिका जुलै १९४६ मध्ये, नेदरलँड्समध्ये नव्हे तर शेजारच्या बेल्जियममधील ‘हेट लाट्स्टे निउस’ या फ्लेमिश दैनिकात सुरू झाली. क्रेसे तेव्हा २४ वर्षांचे होते. १९६४ पर्यंत ती चालली आणि एकूण ६७ कथा झाल्या. वृत्तपत्रात रोज एक आडवी पट्टी छापून येई, पुढे त्याच पट्ट्या एकत्र करून पुस्तिका काढल्या जात. आपल्या पुस्तिकेचा आकार आडवा आहे तो त्यामुळेच.

एरिक हा उत्तरेकडील एका राज्याचा राजा. सुरुवातीच्या कथेत अटलांटिस नावाचे बुडालेले काल्पनिक राज्य येते, एरिकची पत्नी विनोना ही तिथलीच राजकन्या. हळूहळू अद्भुताचा भाग मागे पडत जातो आणि रोमन साम्राज्याच्या पडत्या काळातले जग पुढे येते. या मालिकेची मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की तिच्यातली माणसे वयाने वाढतात. चित्रकथेतले नायक सहसा पन्नास वर्षे पंचविशीतच अडकून पडलेले असतात. एरिकला मात्र मुलगा होतो, तो एर्विन डोळ्यांदेखत मोठा होतो आणि बापाच्या चेहऱ्यावर वय दिसू लागते. अठरा वर्षे रोज पेपर उघडणाऱ्या वाचकाला ते घर आपल्याच आळीतले वाटत असेल.

प्रश्न : मी कोल्हापूरला राहते. कलामहाविद्यालयात प्रवेश मिळाला नाही म्हणून घरीच सराव करते. कुणीही न शिकवता एखादा माणूस इतके चांगले काढू शकतो, यावर माझा पूर्ण विश्वास नाही. क्रेसे नेमके शिकले तरी कसे?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ‘स्वयंशिक्षित’ हा शब्दच मला थोडा फसवा वाटतो. त्याचा अर्थ प्रमाणपत्र नाही इतकाच घ्यावा, गुरू नाहीत असा घेऊ नये. क्रेसे यांचे पहिले गुरू त्यांना कधी भेटले नाहीत. ते अटलांटिकपलीकडे होते आणि छापील कागदावरून शिकवत होते. त्यांचे नाव हॅल फॉस्टर. फॉस्टर यांची टारझनची चित्रकथा १९२९ मध्ये आणि ‘प्रिन्स व्हॅलियंट’ १९३७ मध्ये सुरू झाली. क्रेसे यांची छापून आलेली पहिली चित्रकथा टारझनचीच होती. ती १९३८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ‘द फेरकेनर’ या स्काउट मुलांच्या नियतकालिकात आली. म्हणजे हा मुलगा आधी दुसऱ्याचा नायक गिरवायला बसला होता. जाता जाता सांगण्यासारखे असे, की स्वतः फॉस्टर यांचा हातही तयार झाला तो कॅनडातील विनिपेगमध्ये टपालाने माल विकणाऱ्या दुकानांच्या सूचिपत्रांतली चित्रे काढून आणि पुढे शिकागोत जाहिरातींची कामे करून.

दुसरी शाळा परिस्थितीने उघडून दिली. मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स व्यापले आणि अमेरिकेतून येणाऱ्या चित्रकथांचा पुरवठा आटत गेला. ‘द टेलिग्राफ’ या दैनिकाला डिस्नेच्या पट्ट्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा त्या जागेवर १६ मार्च १९४१ रोजी डच चित्रकार मार्टेन टोंडर यांच्या ‘टॉम पूस’ या पांढऱ्या मांजराची कथा सुरू झाली. देशी चित्रकारांना अशी अचानक मागणी आली. टोंडर यांनी स्टुडिओ उभारला, त्यात कथापट्ट्या निघत, अ‍ॅनिमेशन होई, जाहिरातपटही होत. युद्धाच्या अखेरच्या काळात क्रेसे या स्टुडिओत आले. अशा जागी एकाने कथा रचायची, दुसऱ्याने पेन्सिलने आखायची, तिसऱ्याने शाई चढवायची, चौथ्याने मागची घरे-झाडे भरायची, अशी कामाची वाटणी असते. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा हात कसा चालतो हे रोज आठ तास पाहायला मिळते आणि चुकलेले चित्र संध्याकाळच्या आत दुरुस्त करून द्यावे लागते. कोणत्याही महाविद्यालयाच्या वेळापत्रकात ही शिस्त बसत नाही.

तिसरी शाळा म्हणजे ‘एरिक’च. पहिल्या काही कथा आणि दहा वर्षांनंतरच्या कथा शेजारी ठेवून पाहा. आधीची माणसे काहीशी जड, परीकथेतल्यासारखी आहेत. घोडा धावतो आहे हे पटते, पण त्याचे वजन जमिनीवर पडलेले जाणवत नाही. पुढे ब्रशची रेषा मोकळी होते, एकाच फटकाऱ्यात जाड-बारीक होऊ लागते, काळ्या शाईचे मोठे डाग निर्भयपणे पडतात आणि नुसत्या काळ्या-पांढऱ्यात धुके, खवळलेला समुद्र, संध्याकाळ दिसू लागते. स्वस्त वृत्तपत्री कागदावर फार बारीक रेघोट्या मारल्या तर छपाईत शाई पसरून त्यांचा चिखल होतो, हे ज्याचे चित्र रोज छापून येते त्यालाच नीट कळते. आपण घरी सराव करता हे चांगलेच आहे, परंतु त्यातले काही कुठेतरी छापून येऊ द्या, मग ते शाळेचे वार्षिक असो की मंडळाची स्मरणिका. छापलेले चित्र स्वतःचे दोष फार स्पष्टपणे दाखवते.

प्रश्न : चित्राखाली एवढा मजकूर कशासाठी? चित्रातून सांगता येत नव्हते म्हणून तर नव्हे?
— निवृत्त कलाशिक्षक, नाशिक

उत्तर : तसे नव्हे. चित्राखाली मजकूर देण्याची ही डच पद्धत क्रेसे यांच्या आधीपासूनची आहे. तिच्यामागे शिक्षक आणि पालक यांची भीतीही होती. फुगे असलेली चित्रकथा म्हणजे उथळ अमेरिकी माल, ती वाचून मुले वाचनच सोडतील, असे अनेक सुशिक्षितांना वाटे. १९४८ मध्ये शिक्षणमंत्री टेओ रुटेन यांनी परिपत्रक काढून स्वस्त चित्रकादंबऱ्यांपासून मुलांना दूर ठेवण्याचे आवाहन शाळांना केले. अशा वातावरणात ज्या चित्रकथेखाली व्याकरणशुद्ध परिच्छेद असेल तिला घरात प्रवेश मिळण्याची शक्यता अधिक, कारण मुलगा चित्रे पाहत असला तरी वाचतो आहे असे आईवडिलांना म्हणता येई. आपल्याकडे ‘चांदोबा’वर वाढलेल्या पिढीला चित्र आणि मजकूर वेगवेगळ्या जागी असण्याचे नवल वाटणार नाही, फरक एवढाच की डच पट्टीत प्रत्येक चौकटीखाली तिचा मजकूर असे.

या पद्धतीचा तोटा उघड आहे. वाचकाची नजर सतत वर-खाली करावी लागते आणि कथेचा वेग मोडतो. पण चित्रकाराला तिचा एक मोठा लाभ होतो, ज्याची दखल फारशी घेतली जात नाही. फुग्यांना जागा द्यावी लागत नसल्यामुळे अख्खी चौकट त्याची राहते. वरचे आभाळ शब्दांनी झाकले जात नाही. शिवाय पात्राच्या तोंडी शब्द नसल्यामुळे राग, संशय, थकवा हे सारे खांद्याच्या उतारातून आणि मानेच्या कलातून दाखवावे लागते. क्रेसे यांची माणसे अंगाने बोलतात, आणि ती सवय त्यांना या बंधनानेच लावली असावी असे मला वाटते. फुगे आल्यावरही ती सुटली नाही. १९६६ पासून ‘पेप’ साप्ताहिकात त्यांनी एरिकच्या मुलाची, एर्विनची कथा काढली, तीत संवाद फुग्यांमध्ये आहेत.

प्रश्न : मी स्वतः पुण्यात पाठ्यपुस्तके आणि वेष्टने यांसाठी चित्रे काढून पोट भरतो. क्रेसे केवळ चित्रकथांवर जगले की त्यांनाही आमच्यासारखी बाजारातली कामे करावी लागली?
— एक व्यावसायिक चित्रकार, पुणे

उत्तर : करावी लागली, आणि त्यांनी ती मन लावून केली. रोजची पट्टी हीच मुळात बाजाराची मागणी होती. ती ठरल्या मापात, ठरल्या वेळी द्यायची आणि वाचक कंटाळला की बंद करायची. तिच्याबरोबर नियतकालिकांतील कथांसाठी चित्रे, पुस्तकांची मुखपृष्ठे ही कामे होतीच. ‘एरिक’ १९६४ मध्ये संपली त्याच सुमारास ‘डोनाल्ड डक’ या डच साप्ताहिकासाठी ते ‘झोरो’ काढू लागले आणि १९६७ पर्यंत ते काम चालले. झोरो हा मुखवटा घालणारा तलवारबहाद्दर, आणि त्याची ही चित्रकथा डिस्नेची होती. अठरा वर्षे स्वतःच्या राजावर राज्य केलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मुखवटाधारी नायकाची चौकट पाळायची, यात काहींना उतार दिसतो. मला तसे वाटत नाही. तलवारबाजी आणि घोडे हा त्यांचा हातचा मळ होता, आणि नियमित पैसा देणाऱ्या त्या कामाच्याच काळात, १९६५ पासून, ‘पेप’मध्ये त्यांची ‘विडॉक’ ही मालिका आली. फ्रान्समधला एक अट्टल गुन्हेगार पुढे पोलिसांचा गुप्तहेरप्रमुख झाला, त्या खऱ्याखुऱ्या विडॉकवरून ती रचलेली आहे. तीतील पॅरिसच्या गल्ल्या आणि तिथली बेरकी माणसे पाहिली की हा चित्रकार केवळ वीरपुरुषांचा नव्हता हे लक्षात येते.

याबाबतीत क्रेसे अपवाद नव्हते. नेदरलँड्स लहान देश, डच वाचणारे मोजके, त्यामुळे केवळ चित्रकथेवर संसार चालवणे थोड्यांनाच जमे. रॉटरडॅमचे मार्टिन लोडेवाइक जाहिरातीच्या क्षेत्रात इतके व्यग्र होते, की १९६६ मध्ये ‘पेप’मध्ये आलेला त्यांचा विनोदी गुप्तहेर ‘एजंट ३२७’ पुढे दीर्घकाळ सवडीनुसारच अवतरे. यान क्राउस यांनीही जाहिरातींची कामे केली आणि १९७० मध्ये ‘लिबेले’ या महिलांच्या साप्ताहिकासाठी एका सामान्य कुटुंबाची विनोदी मालिका सुरू केली. ती घरोघरी पोहोचली. जाहिरातीच्या कामाने या चित्रकारांना एक गोष्ट पक्की शिकवली, ती म्हणजे पाहणारा घाईत असतो आणि त्याला पहिल्या नजरेत कळले पाहिजे. वेष्टनावर चित्र काढणाऱ्या आपल्यासारख्याला हे सांगायला नकोच.

प्रश्न : सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी? मला डच येत नाही, थोडे फ्रेंच येते.
— एक वाचक, पणजी

उत्तर : मग आपण त्यांच्या उत्तरायुष्यातील कामापासून सुरुवात करा. १९७० च्या दशकाच्या आरंभी टिनटिनची पुस्तके काढणाऱ्या बेल्जियमच्या कास्टरमान या प्रकाशनसंस्थेने क्रेसे यांची उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांवरची मालिका डच आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध करायला घेतली. १९८२ पर्यंत तिची नऊ रंगीत पुस्तके निघाली. काळ सोळाव्या शतकाचा, स्पॅनिश फौजा उत्तरेकडे सरकू लागल्या तेव्हाचा आहे. अपाची लोक घोडा आणि बंदूक प्रथमच पाहतात, आणि कथा परक्यांच्या नव्हे तर या लोकांच्या बाजूने सांगितली जाते. कपडे, झोपड्या, शिकारीच्या रीती यांचा त्यांनी कसून अभ्यास केलेला दिसतो. सोळाव्या वर्षी टारझन गिरवणारा मुलगा पन्नाशीत इथवर आला होता. याच दशकात डच चित्रकथाप्रेमींच्या ‘स्ट्रिपस्खाप’ या संस्थेने त्यांना आपला पुरस्कार दिला.

पुढे त्यांची दृष्टी अधू होत गेली आणि काम थांबले. मालिका हव्या त्या शेवटापर्यंत पोहोचली नाही, हे आधीच माहीत असलेले बरे.

आइंडहोवनच्या वाचकांसाठी एक पुरवणी. आम्स्टरडॅमला गेलात तर १९६८ पासून सुरू असलेल्या ‘लांबीक’ या चित्रकथांच्या दुकानात डोकवा. आणि आपली पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका. त्या काळच्या स्वस्त कागदात आम्ल असते, तो पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि पिशवीत ओल कोंडली की बुरशीही धरते. कोरड्या जागी, उजेडापासून दूर, आडवी ठेवा. पाने उलटताना ती कोपऱ्याला चिमटीत धरण्यापेक्षा खाली तळहात घालून उलटावीत.